रेकॉर्ड प्लेअरची दांडी किती उंच असावी?

ठाणे, डोंबिवली, कल्याण या पट्ट्यात जुन्या इमारती पाडून त्या जागी नव्या बांधण्याचे काम जोरात चालू आहे. घर रिकामे करायचे ठरले की माळ्यावरच्या वस्तू वर्षानुवर्षांनी खाली येतात. पितळेचे बंब, लाकडी पाट, वर्तमानपत्रांत बांधलेली पुस्तके आणि एखाद्या घरी रेकॉर्ड प्लेअर व त्याच्यासोबत ध्वनिमुद्रिकांची चवड. तुमच्याही घरी अशी पेटी निघाली असेल तर ती भंगारवाल्याला देण्याची घाई करू नका. ध्वनिमुद्रिकांना पुन्हा मागणी येऊ लागली आहे. नवी मुंबईत तर २०२४ साली त्या साच्यात दाबून तयार करण्याचा नवा कारखानाही सुरू झाला. पण या लेखात आपण पेटीच्या किमतीकडे पाहणार नसून तिच्यातल्या भूमितीकडे पाहणार आहोत.

प्लेअर दुरुस्त करून घेतला की जाणकार मंडळी सल्ले देऊ लागतात. एक म्हणतो, "दांडीची मागची बाजू जरा वर घ्या, आवाज खुलेल." दुसरा म्हणतो, "छे, खाली घ्या, आवाजाला भरीवपणा येईल." तिसरा तर प्रत्येक तबकडीसाठी निराळी उंची ठेवावी असे सांगतो. या तिघांपैकी बरोबर कोण? हा प्रश्न चवीचा आहे असे वाटते, पण त्यातला बराचसा भाग नववी-दहावीच्या गणिताने सुटतो. कंपासपेटी, आलेखाचा कागद आणि थोडा धीर एवढे साहित्य पुरे.

खाच आणि सुई

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. मोटरच्या जोरावर फिरते ती थाळी. तिच्यावर तबकडी, म्हणजेच रेकॉर्ड, ठेवतात. बाजूला एका खुंटावर तोललेली लांब नळी असते, ती दांडी. दांडीच्या पुढच्या टोकाला पिकअप, पिकअपच्या पोटातून बाहेर आलेली केसासारखी बारीक सळई आणि सळईच्या टोकाला हिऱ्याची किंवा नीलमण्याची सुई. घरोघरी हिलाच पिन म्हणत. सळई मागच्या बाजूला रबराच्या छोट्याशा तुकड्यात रुतलेली असते. त्यामुळे सुई वरखाली आणि आडवी हलू शकते, आणि तिच्या हालचालीचे पिकअपमध्ये विजेच्या स्पंदनांत रूपांतर होते.

लाँग प्ले तबकडी मिनिटाला ३३ आणि एक तृतीयांश फेरे घेते. म्हणजे ३ मिनिटांत बरोबर १०० फेरे. तुमच्या प्लेअरचा वेग बरोबर आहे का हे पाहायचे असेल तर तबकडीच्या कडेला कागदाचा कपटा ठेवा, घड्याळ लावा आणि फेरे मोजा. २० मिनिटांच्या एका बाजूवर सुमारे ६६७ फेरे होतात. फेऱ्याची सरासरी त्रिज्या १० सेंटिमीटरच्या आसपास धरली, तर सुई एका बाजूवर ४०० मीटरहून अधिक वाट चालते. आपल्या मध्य रेल्वेच्या बारा डब्यांच्या लोकलच्या दीडपट लांब अशी ही वाट असते. तिची रुंदी मात्र मिलिमीटरचा विसावा भाग, म्हणजे ५० मायक्रॉनच्या आसपास. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे लक्षात असू द्या. पुढे त्याचे काम पडणार आहे.

या खाचेचा छेद घेतला तर तो इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसेल. दोन्ही भिंती एकमेकींशी ९० अंशांचा कोन करतात. स्टीरिओ तबकडीत डाव्या कर्ण्याचा आवाज एका भिंतीवर व उजव्याचा दुसऱ्या भिंतीवर कोरलेला असतो. दोन्ही बाजूंना तोच आवाज असेल तर सुई फक्त आडवी हलते. दोन बाजूंच्या आवाजांत फरक असेल तेव्हाच ती वरखालीही होते. जुन्या मोनो तबकड्यांत सर्व आवाज आडव्या नागमोडीत असतो. हा मुद्दा ध्यानात ठेवा, शेवटी एका प्रयोगात आपण त्याचाच उपयोग करणार आहोत.

कोन कुठून आला?

दाराच्या कडेला बोट लावून दार ढकला. बोट सरळ रेषेत जात नाही, बिजागरीभोवती वर्तुळाच्या कंसावर फिरते. सळईचेही तसेच आहे. तिची बिजागरी मागे आणि जरा वर, सुई पुढे आणि खाली. त्यामुळे खाचेतल्या उंचवट्यावर चढताना सुई सरळ वर जात नाही. ती वर जाता जाता किंचित पुढेही सरकते. खळग्यात उतरताना किंचित मागे येते. खाच बिजागरीच्या बाजूने, म्हणजे मागून येते; त्यामुळे सुई पुढे सरकली की तिला खाच थोडी उशिरा भेटते, मागे आली की थोडी लवकर. म्हणजे मूळ तरंगाचे शेंडे एका बाजूला आणि तळ दुसऱ्या बाजूला ओढले जातात, आणि सरळ उभा तरंग वाऱ्याने कललेल्या भाताच्या लोंबीसारखा दिसू लागतो.

मग हा दोष टाळायचा कसा? इथे तबकडी तयार करणाऱ्यांच्या मदतीला एक सोपा विचार आला. खाच कोरणारी छिन्नीदेखील बिजागरीवरच हलते. छिन्नीने ज्या तिरप्या रेषेत खाच कोरली त्याच तिरप्या रेषेत सुई हलली, तर कोरतानाचा आणि वाजवतानाचा कल एकमेकांना छेदून जातात आणि तरंग जसाच्या तसा परत मिळतो. तेव्हा सळईचा कोन किती असावा या प्रश्नाचे उत्तर शून्य अंश हे नाही. कोरणाऱ्या छिन्नीइतका, हे आहे.

स्टीरिओ तबकड्या जगात १९५८ पासून बाजारात आल्या. सुरुवातीला निरनिराळ्या कंपन्यांची कोरणी निरनिराळ्या कोनांत चाले. पुढे १९६० च्या दशकात १५ अंशांवर एकमत होऊ लागले आणि नंतरच्या काळात ते २० अंशांच्या आसपास गेले. त्यातही एक भानगड होती. कोरणी होते ती लाखेसारख्या मऊ लेपावर. छिन्नी पुढे गेली की हा लेप दाबलेल्या स्पंजासारखा थोडा परत उसळतो, त्यामुळे छिन्नीचा कोन आणि खाचेत उतरलेला कोन यांत काही अंशांचा फरक पडतो. तात्पर्य, दोन वेगवेगळ्या वर्षांच्या तबकड्यांत या कोनाचा फरक चार-पाच अंशांचा सहज असू शकतो.

४ मिलिमीटर म्हणजे १ अंश

आता दांडीच्या उंचीकडे वळू. दांडीचा खुंट वर उचलला की मागची बाजू वर जाते आणि संपूर्ण दांडी, पिकअप व सळई यांच्यासह, सुईच्या टोकाभोवती फिरते. सळईचा कोन वाढतो. खुंट खाली घेतला की कोन कमी होतो. किती? सुईपासून खुंटापर्यंतचे अंतर बहुतेक प्लेअरमध्ये २३ सेंटिमीटरच्या आसपास असते. १ अंशाची साइन ०.०१७५. तिला २३० मिलिमीटरने गुणा. उत्तर येते ४ मिलिमीटर.

हा आकडा पाठ करून ठेवण्यासारखा आहे. खुंट ४ मिलिमीटर हलवावा तेव्हा कोन १ अंशाने बदलतो. १ मिलिमीटरला अंशाचा चौथा भाग. खात्री करायची असेल तर वर्गात करून पाहा. ३० सेंटिमीटरच्या पट्टीचे शून्याचे टोक टेबलावर टेकवा आणि २३ च्या खुणेखाली साध्या छपाईच्या कागदांचा गठ्ठा सरकवा. अशा कागदाची १०० पाने मिळून सुमारे १ सेंटिमीटर होतात, म्हणून ४० पाने घ्या. पट्टी आणि टेबल यांतला कोन कोनमापकाने मोजायला गेलात तर तो इतका लहान आहे की मोजतानाच पंचाईत होईल. आणि एकेक पान काढून घेण्याने काय होते याचा विचार करा: अंशाचा चाळिसावा भाग. "मी कागदाच्या जाडीइतका फरक ऐकू शकतो" असे म्हणणारी माणसे या छंदात आहेत. त्यांचे कान तीक्ष्ण असतीलही, पण भूमिती त्यांच्या बाजूने नाही.

प्रत्येक तबकडीसाठी निराळी उंची ठेवणाऱ्या त्या तिसऱ्या जाणकाराचाही हिशेब करू. अलीकडे १८० ग्रॅम वजनाच्या जाड तबकड्या निघतात, पूर्वीच्या बऱ्याचशा १२० ग्रॅमच्या आसपास असत. तबकडीचा व्यास ३० सेंटिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ७०७ चौरस सेंटिमीटर. प्लॅस्टिकची घनता घनसेंटिमीटरला १.४ ग्रॅम धरा. भागाकार केलात तर जाडी अनुक्रमे १.८ आणि १.२ मिलिमीटर येईल. फरक ०.६ मिलिमीटर, म्हणजे कोनात ०.१५ अंश. खुद्द तबकड्यांच्या कोरणीतच काही अंशांचे अंतर असताना या दीड-दशांश अंशासाठी दर वेळी स्क्रू सैल करण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. कोकणपट्टीतल्या घरात माळ्यावर उन्हाळ्यात पत्र्याखाली उष्णता साचते, आणि आडव्या रचलेल्या तबकड्या वाकतात. फिरताना कडेला २ मिलिमीटर वरखाली होणारी तबकडी पुष्कळ घरांत सापडेल. अशी तबकडी दर फेऱ्याला दांडीचे पुढचे टोक २ मिलिमीटर उचलते आणि सोडते, म्हणजे कोन आपोआप अर्ध्या अंशाने मागेपुढे होत राहतो. खाचेखालची जमीनच तिरपी होते त्याचा आणखी अर्धा-पाऊण अंश वेगळाच. तबकड्या आडव्या न रचता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, हा साधा उपाय दांडीच्या उंचीबद्दलच्या दहा सल्ल्यांहून मोलाचा आहे.

चूक झाली तर किती बिघडते?

कोन चुकला तर तरंग कलतो, हे आपण पाहिले. कललेल्या तरंगात मूळ सुराच्या दुप्पट कंप्रतेचा एक परका सूर मिसळतो. तो किती मोठा असतो याचे ढोबळ गणित करता येते. सुईचा वरखाली होण्याचा वेग भागिले खाचेचा धावण्याचा वेग, गुणिले कोनातल्या चुकीची टॅन्जन्ट, आणि त्याचे निम्मे.

खाचेचा वेग काढू. बाहेरच्या कडेला त्रिज्या १४.६ सेंटिमीटर, म्हणून वेग सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर. आतल्या कडेला, जिथे गाणे संपते तिथे, त्रिज्या ६ सेंटिमीटर आणि वेग केवळ २१ सेंटिमीटर. आता आवाज बऱ्यापैकी मोठा आहे आणि सुई सेकंदाला ५ सेंटिमीटर वेगाने वरखाली होत आहे असे धरा. कोन ५ अंशांनी चुकला असेल तर आतल्या कडेला परका सूर मूळ सुराच्या सुमारे १ टक्का येतो, बाहेरच्या कडेला अर्ध्या टक्क्याहून कमी. कोन १ अंशाने चुकला असेल तर आतल्या कडेलाही ०.२ टक्के. हे आकडे स्वतः काढून पाहा, टॅन्जन्टचे कोष्टक तुमच्या पुस्तकात आहेच.

यावरून दोन गोष्टी दिसतात. पाच अंशांची, म्हणजे खुंटाच्या २० मिलिमीटर चुकीची, दखल घ्यायलाच हवी. पण एक-दोन मिलिमीटरच्या फरकाने होणारा बिघाड इतका थोडा आहे की तबकडीतले इतर दोष त्याच्यावर मात करतात. उदाहरणार्थ १०,००० हर्ट्‌झचा सूर घ्या. आतल्या कडेला त्याची तरंगलांबी फक्त २१ मायक्रॉन होते, आणि साध्या गोल सुईच्या टोकाची त्रिज्या १५ ते १८ मायक्रॉन असते. बैलगाडीचे चाक नळीच्या पन्हळी पत्र्यावरून फिरवावे तशी ही सुई उंचवट्यांवरून जाते, खळग्यांच्या तळाला पोचतच नाही. नाट्यगीताची शेवटची तान किंवा भैरवी तबकडीच्या आतल्या कडेला आली की 'स' आणि 'श' फाटल्यासारखे ऐकू येतात, त्याचे मोठे कारण हे आहे. दांडी कितीही वरखाली केली तरी ते जाणार नाही.

बॉलपेन आणि बोरू

इथपर्यंत आपण सळईच्या कोनाबद्दल बोललो. सुईचा स्वतःचा कल ही निराळी गोष्ट आहे आणि दोन्हींची गल्लत नेहमी होते. अक्षरांचे वळण गिरवणाऱ्यांना ती लगेच समजेल. बॉलपेन कसेही धरा, उभे किंवा आडवे, रेघ सारखीच उमटते. कारण टोकाला गोळी आहे आणि गोळी कुठूनही गोळीच. बोरूचे तसे नाही. त्याचे टोक तिरपे कापलेले असते. तो ठरावीक कोनात धरला तरच देवनागरी अक्षराला जाड-बारीक वळण येते.

सुयाही अशाच दोन जातींच्या. साध्या प्लेअरमधली सुई गोल टोकाची, म्हणजे बॉलपेन. एचएमव्हीच्या फिएस्टासारख्या पेटीवजा प्लेअरमध्ये सिरॅमिक पिकअप असे. अशा पेट्यांत दांडीची उंची बदलण्याची सोयही नसे आणि गोल सुईच्या कलाला फारसा अर्थही नसतो. तुमच्या घरी असा प्लेअर असेल तर उंचीची चिंता सोडा. सुई झिजली आहे का एवढेच पाहा. लंबवर्तुळाकार किंवा त्याहून बारीक धारेच्या सुया मात्र बोरूसारख्या. कोरणाऱ्या छिन्नीलाही धार असते. सुईची धार छिन्नीच्या धारेला समांतर असली तर ती खाचेतल्या बारीक नागमोडीत नीट बसते. पृष्ठभागाशी सुईचा हा कोन ९० अंशांहून किंचित जास्त, ९२ अंशांच्या आसपास असावा, असे १९८० च्या दशकापासून सांगितले जाते. बारीक धारेच्या सुईला एक-दोन अंशांचा फरक गोल सुईपेक्षा अधिक जाणवतो. तेव्हा आपल्या प्लेअरला सुई कोणती, हे आधी विचारा आणि मग उंचीचे पाहा.

प्रत्यक्ष जुळणी

प्लेअर प्रथम समतल ठेवा. गवंड्याकडे असते ती पाण्याची लेव्हल थाळीवर दोन दिशांनी ठेवून बुडबुडा मध्यावर येतो का ते पाहावे. रुळांना लागून घर असेल, ठाकुर्ली-डोंबिवलीत अशी घरे कमी नाहीत, तर प्लेअर हलक्या स्टुलावर न ठेवता भिंतीत घट्ट बसवलेल्या फळीवर ठेवा. जलद गाडी गेली की सुईलाही ती ऐकू येते.

त्यानंतर सुईचा भार. पिकअपच्या माहितीपत्रकात तो दिलेला असतो, बहुधा दीड ते दोन ग्रॅम. सिरॅमिक पिकअपला त्याहून बराच जास्त. दोन ग्रॅम हे ऐकायला नगण्य वाटते. पण हा भार दोन भिंतींवर मिळून पडतो. भिंती तिरप्या असल्याने प्रत्येकीवर सुमारे १.४ ग्रॅम येतो. टेकण्याचा ठिपका १० मायक्रॉन व्यासाचा असे समजून दाब काढा. तो चौरस सेंटिमीटरला दीड हजार किलोग्रॅमच्याही वर भरेल! भार कमी ठेवल्याने तबकडी वाचते असा समज आहे. तो चुकीचा आहे. भार अपुरा असला की सुई खाचेत उड्या मारते आणि भिंतींना टवके पाडते. शिवाय भारावर सळईचे वाकणे आणि पर्यायाने तिचा कोन अवलंबून असतो, म्हणून भार ठरवल्याखेरीज उंचीला हात लावू नये.

आता उंची. आलेखाचा कागद पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर चिकटवा. मोटर बंद ठेवून एक नको असलेली तबकडी थाळीवर ठेवा, तिच्यावर सुई हळूच टेकवा आणि पुठ्ठा दांडीच्या मागे तबकडीवर उभा करा. डोळा दांडीच्या पातळीत आणून पाहा. दांडी आलेखाच्या आडव्या रेषांना समांतर दिसली तर ती समतल आहे. दांडी मागून पुढे निमुळती असेल तर तिच्याऐवजी पिकअपची वरची कड पाहावी. समांतर नसेल तर दांडी खुंटीवर अडकवा, सुईवर तिचे टोपण घाला, आणि मगच खुंटाचा स्क्रू अ‍ॅलन किल्लीने सैल करा. सुई तबकडीवर टेकलेली असताना स्क्रू सैल करू नका. खुंट झटकन खाली बसतो आणि सळई मोडते.

पुष्कळ प्लेअरना हा स्क्रू नसतो. तेव्हा मागची बाजू उंच दिसत असेल तर थाळीवरची चटई जाड घ्या, किंवा पिकअप आणि दांडीचे डोके यांच्यामध्ये पातळ पट्टी घाला. दोन्हींमुळे दांडीचे पुढचे टोक वर येते. मागची बाजू खाली असेल तर चटई पातळ करावी. उंची बदलली की भार पुन्हा मोजा, कारण तोही थोडा सरकतो. "उंची बदलल्यावर आवाज बदलला" असे जे सांगितले जाते, त्यातला बराच भाग या न मोजलेल्या भाराचा असावा असे मला वाटते.

सळईचा कोन प्रत्यक्ष मोजायचा असल्यास एक गमतीची युक्ती आहे. तबकडीचा गुळगुळीत पृष्ठभाग आरशासारखा असतो. भिंगातून, बाजूने, मोबाइलने छायाचित्र घ्या. चित्रात सळई आणि तिचे प्रतिबिंब मिळून एक कोन दिसेल. तो कोनमापकाने मोजा आणि निम्मा करा. दुप्पट कोन मोजल्याने मोजण्यातली चूक निम्मी होते. उत्तर वीस-पंचवीस अंशांच्या जवळ आले तर ठीक.

कानाची परीक्षा

दांडी समतल झाली. आता दोन मिलिमीटर वर आणि दोन मिलिमीटर खाली घेऊन फरक ऐकू येतो का हे पाहायचे. यात अडचण अशी की उंची बदलायला पाच मिनिटे लागतात आणि तेवढ्यात पहिला आवाज कानातून निघून जातो. शिवाय आपण काय बदलले हे आपल्याला ठाऊक असते, आणि कान मनाच्या मागे जातो. तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची: प्रत्येक वेळी वाजवताना तबकडी थोडीशी झिजते. ठाण्याचे पं. राम मराठे (१९२४–१९८९) यांच्या नाट्यगीतांची किंवा बालगंधर्वांची (१८८८–१९६७) जुनी तबकडी तुमच्या आजोबांनी जपून ठेवली असेल, तर ती प्रयोगासाठी वीस वेळा वाजवणे बरे नाही. विशेषतः ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या. आपल्याकडे त्या १९७० च्या आसपासपर्यंत निघत होत्या, आणि त्यांतल्या काही गाण्यांच्या प्रती आज मोजक्याच उरल्या आहेत. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेच्या सभासदांनी अशा तबकड्या शोधण्याचे आणि त्यांचा इतिहास नोंदण्याचे मोठे काम केले आहे. त्या कामाचे एक आधारस्तंभ सुरेश चांदवणकर हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ होते, हे इथे सांगायला हवे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची खाच रुंद असते. तिला सुमारे ७० मायक्रॉन त्रिज्येची निराळी सुई लागते. लाँग प्लेची सुई तिच्यात तळाशी खडखडत जाते.

म्हणून प्रयोग असा करा. बाजारात सहज मिळणारी एक स्टीरिओ लाँग प्ले तबकडी घ्या. तिच्या आतल्या कडेचे एक मिनिट निवडा, कारण चूक तिथेच जास्त दिसते. खुंट खाली असताना ते एकदा वाजवून संगणकावर ध्वनिमुद्रित करा. मग खुंट ४ मिलिमीटर वर घेऊन, भार पुन्हा मोजून, तेच मिनिट दुसऱ्यांदा. तबकडी दोनदाच वाजली, पण तुमच्याजवळ दोन नकला आल्या. त्या हव्या तितक्या वेळा ऐका, झिजण्याची भीती नाही. दोन्हींचा आवाज सारख्या मोठेपणाचा आहे याची खात्री करा. मोठा आवाज नेहमीच चांगला वाटतो.

आता मित्राला किंवा मैत्रिणीला दुसऱ्या खोलीत बसवा. त्यांनी नाणे उडवावे. छाप आला तर पहिली नक्कल, काटा आला तर दुसरी वाजवावी, आणि नोंद आपल्याजवळ ठेवावी. तुम्ही कागदावर 'वर' किंवा 'खाली' एवढेच लिहायचे. असे दहा वेळा. केवळ अंदाजाने लिहिले तरी सरासरी पाच उत्तरे बरोबर येतील. आठ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता १०२४ मध्ये ५६, म्हणजे साडेपाच टक्के. नऊ किंवा दहा बरोबर येण्याची १०२४ मध्ये ११, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. तुमची नऊ उत्तरे बरोबर आली तर तुम्हाला फरक खरोखर ऐकू येतो असे मानायला हरकत नाही. सहा आली तर अजून काही ठरले नाही.

हाच प्रयोग नंतर एका मोनो तबकडीवर करा. मोनो तबकडीत खाच वरखाली होत नाही, म्हणून गोल सुई असेल तर उंचीचा परिणाम तिथे जवळजवळ नसायला हवा. तरीही नऊ उत्तरे बरोबर येऊ लागली, तर तुम्ही जे ऐकत आहात ते कोनामुळे नव्हे. भार, आवाजाचा मोठेपणा किंवा मधल्या वेळात सुईवर साचलेली धूळ, यांपैकी काहीतरी बदलले आहे, ते शोधा. शिक्षकांनी विज्ञान प्रदर्शनासाठी हा प्रयोग घ्यावा. वर्गातल्या तीस विद्यार्थ्यांची उत्तरे एकत्र मांडली तर आलेख पाहण्यासारखा होतो.

परीक्षेत जी उंची बरी ठरेल तिथे स्क्रू आवळा, फार जोर न लावता. थाळीच्या पातळीपासून खुंटाच्या कडेपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये मोजा. ती, सुईचा प्रकार, भार आणि तारीख एका चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी प्लेअरच्या तळाला चिकटवून ठेवा. सुई बदलायची वेळ आली की जुळणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागेल, तेव्हा ती उपयोगी पडेल.